वीस वर्षांचा वायदा

१९८२ सालचा एप्रिल महिना. वर्ध्यातल्या माझ्या वर्गात सूर्याच्या ऊर्जेचा धडा चालू होता. वीज गेलेली, पंखे बंद, खिडकीबाहेर पांढरेफटक ऊन. हायड्रोजनची अणुकेंद्रके एकमेकांत मिसळून हेलियम तयार होतो आणि त्या संमीलनातून सूर्य तळपतो, एवढे सांगून झाले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे आपल्याकडे कधी होईल? म्हणजे मग लाइट तरी जाणार नाही." वर्ग हसला. मी मात्र गंभीरपणे उत्तर दिले, "दोन हजार सालापर्यंत." मुलाने ते वहीत लिहूनही घेतले.

पुढे २००१ साली तोच मुलगा मला वर्धा स्टेशनवर भेटला. आता तो संसारी गृहस्थ झाला होता. नमस्कार-चमत्कार झाले आणि गाडी हलता हलता तो म्हणाला, "सर, तुमचं दोन हजार साल तर निघून गेलं नं!" आम्ही दोघेही हसलो, पण ते वाक्य माझ्या मनात टोचत राहिले. मी वर्गात एक तारीख दिली होती, आणि ती कशाच्या आधारावर दिली हे स्वतःला कधी विचारले नव्हते. आज तो हिशेब तुमच्यापुढे मांडायचा आहे. हिशेब माझ्या एका चुकीचा असला, तरी त्यात सत्तर वर्षांचा एक मोठा इतिहास आहे.

माझ्या उत्तराचे मूळ आपल्या मुंबईच्या एका माणसापर्यंत जाते. ८ ऑगस्ट १९५५ रोजी जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद सुरू झाली. अध्यक्ष होते होमी भाभा. वय अवघे ४५. अध्यक्षीय भाषणात त्यांनी एक भाकीत केले. संमीलनाची ऊर्जा काबूत ठेवून मिळवण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, असे ते म्हणाले. तसे झाले तर समुद्रात पाणी आहे तोवर जगाला इंधनाची चिंता उरणार नाही, असा त्याचा आशय होता. सभागृहात खळबळ उडाली, कारण हे संशोधन त्या वेळी अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया या तिन्ही देशांत गुप्त होते. भाभांनी बंद दारावर जाहीरपणे टकटक केली होती.

हे भाकीत त्या काळी अजिबात भाबडे वाटत नव्हते. अणुभंजनाची पहिली नियंत्रित साखळी-क्रिया शिकागो येथे डिसेंबर १९४२ मध्ये झाली आणि १९५४ मध्ये मॉस्कोजवळच्या ओब्निन्स्क येथील अणुभट्टी विजेच्या जाळ्याला जोडलीही गेली. जेमतेम बारा वर्षे! १९५२ साली हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली होती. म्हणजे संमीलन पृथ्वीवर होते याचाही पुरावा हाती होता. जे एका क्षणात स्फोटाने होते, ते सावकाश करायला वीस वर्षे पुरेत, असे वाटण्यात नवल नव्हते.

मग अडले कुठे? अडले ते धरून ठेवण्यात.

दोन केंद्रके दोन्ही धनभारित असतात, म्हणून एकमेकांना ढकलतात. हा विरोध मोडून ती जवळ यायची तर त्यांना प्रचंड वेग हवा, म्हणजेच प्रचंड तापमान हवे. सूर्याच्या गाभ्यात ते सुमारे दीड कोटी अंश आहे. आपल्याला मात्र दहा ते पंधरा कोटी अंश लागतात. आपण सूर्यापेक्षाही तापट व्हायचे, ते का? कारण सूर्य फार सावकाश जळतो. त्याच्या गाभ्यात एका घनमीटरमागे तयार होणारी शक्ती काहीशे वॅटच असते. आपल्या घरातल्या शंभर वॅटच्या तीन जुन्या बल्बांएवढी. सूर्याचे काम चालते ते त्याच्या अवाढव्य आकारावर. आपल्याला लहान जागेत पुष्कळ काम हवे, म्हणून आपण ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड भावंडे घेतो, जी सर्वांत लवकर एकत्र येतात, आणि तापमान दसपट वाढवतो. ड्यूटेरियम साध्या पाण्यातच असते. दर साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे सुमारे एक. ट्रिटियम मात्र निसर्गात जवळजवळ नाही. ते लिथियमपासून भट्टीतच तयार करावे लागेल.

एवढ्या तापमानाला पदार्थ वायू राहत नाही. अणूंवरचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि धन व ऋण कणांचा एक मुक्त लोंढा तयार होतो. इंग्रजीत त्याला प्लाझ्मा म्हणतात, आपल्या मराठी परिभाषेत आयनद्रायू. नाव परके वाटले तरी वस्तू घरातलीच आहे. ट्यूबलाइटमध्ये जो चमकतो तो प्लाझ्माच. कोणत्या तापमानाला किती अणू असे फुटतात याचे सूत्र १९२० साली आपल्या मेघनाद साहांनी मांडले, आणि ताऱ्यांचा प्रकाश वाचायला जग त्यातूनच शिकले.

आता हा प्लाझ्मा ठेवायचा कशात? पात्र वितळेल, असे उत्तर विद्यार्थी हमखास देतात. पण प्लाझ्मा हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो. छोट्या यंत्रात तो भिंतीला लागला, तर भिंतीआधी तोच थंड होतो. भिंतीचे चार अणू सुटून त्यात मिसळले तरी त्याची उष्णता प्रकाशाच्या रूपाने निघून जाते. सूर्य आपला प्लाझ्मा स्वतःच्या वजनाने, गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवतो. आपल्याला ती सोय नाही. आपल्याकडे आहे ते चुंबकत्व. विद्युतभारित कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत घेत तिच्यावरूनच सरकतो. दोरीत ओवलेला मणी जसा दोरी सोडून जात नाही, तसा. तेव्हा चुंबकीय रेषांचीच नळी करावी आणि भिंतीला स्पर्श होऊ न देता प्लाझ्मा तिच्यात तरंगत ठेवावा, ही कल्पना पुढे आली.

सरळ नळीची दोन्ही टोके उघडी, तिथून गळती होणार. म्हणून नळी वाकवून टोकाला टोक जोडले आणि बांगडी केली. इथे पहिला घोटाळा झाला. बांगडीच्या आतल्या बाजूला चुंबकीय रेषा दाटतात आणि बाहेरच्या बाजूला विरळ होतात. या असमानतेमुळे एका भाराचे कण हळूहळू वर सरकतात आणि दुसऱ्या भाराचे खाली. वर एक भार, खाली दुसरा. मध्ये विद्युतक्षेत्र तयार होते, आणि ते सगळा प्लाझ्मा एकगठ्ठा बाहेरच्या भिंतीवर नेऊन आपटते. नुसती बांगडी काही कामाची नाही.

यावरचा उपाय वर्ध्याच्या माणसाला समजावून सांगायला फार सोपा आहे. इथल्या मगन संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले होते. सेवाग्रामच्या परिसरात वाढलेल्या माझ्या पिढीने कधी ना कधी सूत कातलेले आहे. पेळूतला कापूस ओढला तर तुटतो, कारण त्यातले तंतू बोटभर लांबीचे आणि सुटे असतात. चातीने त्याला पीळ दिला की तेच तंतू एकमेकांना धरून बसतात. कापूस तोच, वजन तेच. पीळ पडला की त्याचा धागा होतो.

बांगडीतल्या चुंबकीय रेषांनाही असाच पीळ द्यायचा. मग एखादी रेषा धरून निघालेला कण कधी बांगडीच्या वरच्या अंगाला असतो, तर कधी खालच्या. वर असताना तो जेवढा बाहेर सरकतो, तेवढाच खाली आल्यावर आत येतो. जमाखर्च बरोबर. हा पीळ देण्याच्या दोन रीती निघाल्या. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे लायमन स्पिट्झर या खगोलशास्त्रज्ञाने १९५१ साली ठरवले की, बाहेरची चुंबकीय वेटोळीच अशी आखायची की रेषा आपोआप पिळल्या जाव्यात. हा झाला स्टेलरेटर. रशियात इगोर ताम आणि आंद्रेई साखारोव्ह यांनी १९५०-५१ मध्ये दुसरी वाट काढली. प्लाझ्मा हा स्वतःच विजेचा वाहक आहे, तेव्हा त्याच्यातूनच मोठा प्रवाह वाहू द्यावा. त्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र रेषांना पीळ देते, आणि शेगडीतल्या तारेप्रमाणे प्लाझ्मा तापतोही. एका दगडात दोन पक्षी. पुढे याच यंत्राचे नाव टोकामॅक पडले. गंमत अशी की, साखारोव्ह या प्रश्नाकडे वळले ते सखालिन बेटावरच्या ओलेग लाव्हरेन्त्येव्ह नावाच्या एका तरुण सैनिकाने सरकारला पाठवलेल्या पत्रामुळे. त्याची योजना चालणारी नव्हती, पण प्रश्न बिनचूक होता.

ज्याने सूत कातले आहे त्याला पुढची अडचणही ठाऊक असेल. पीळ कमी पडला तर धागा तुटतो. जास्त झाला तर तो मुरडतो आणि जरा सैल सोडताच स्वतःभोवतीच वेटोळे घालतो. प्लाझ्मा नेमके हेच करतो. प्रवाह फार वाढवला की प्लाझ्माची बांगडी नागमोडी होते आणि काही लाखांश सेकंदांत भिंतीवर जाऊन विझते. किती पीळ चालेल याची मर्यादा अमेरिकेत मार्टिन क्रुस्कल आणि रशियात विताली शाफ्रानोव्ह यांनी स्वतंत्रपणे काढली. रेषा बांगडीभोवती एक पूर्ण लांब फेरी मारते, तेवढ्यात तिचा आडवा वेढा एकापेक्षा कमी पडला पाहिजे.

आता पुन्हा १९५५ कडे येऊ. भाभांनी जिनिव्हात वीस वर्षांचा वायदा केला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडमधील हार्वेल येथे जॉन लॉसन या अभियंत्याने एक छोटा गुप्त अहवाल लिहिला. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. लॉसनने तारीख दिलीच नाही. त्याने विचारले ते एवढेच की, भट्टीत घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर यायची तर काय काय जमले पाहिजे? उत्तर तीन राशींत आले. प्लाझ्मा किती तापला, किती दाट आहे, आणि त्याची उष्णता किती वेळ टिकते. तिसरी राशी नीट समजून घ्यावी लागते. चहा थर्मासमध्ये तासन् तास गरम राहतो आणि बशीत ओतला की मिनिटभरात निवतो. तसा, बाहेरचे तापवणे थांबवले तर प्लाझ्माची उष्णता किती वेळ टिकेल, तो हा वेळ. यंत्र किती वेळ चालू राहिले, ही वेगळी गोष्ट. ड्यूटेरियम-ट्रिटियमसाठी पंधरा कोटी अंशांच्या आसपास, घनमीटरमागे एकावर वीस शून्ये एवढे कण असतील, तर उष्णता साधारण दोन-तीन सेकंद टिकली पाहिजे. एवढेच! दोन-तीन सेकंद! आणि त्यासाठी माणसाची सत्तर वर्षे गेली.

माझी चूक इथेच झाली होती. १९५५ ने आपल्याला दोन गोष्टी दिल्या होत्या, एक वायदा आणि एक मोजपट्टी. मी वर्गात वायदा शिकवला.

मोजपट्टी बाजूला ठेवल्यावर काय होते, याचा धडा ब्रिटनने १९५८ साली घेतला. हार्वेलच्या झीटा या यंत्रातून न्यूट्रॉन येऊ लागले होते, आणि न्यूट्रॉन ही संमीलनाची खूण. जानेवारी १९५८ मध्ये पत्रकार परिषद झाली. तापमान ५० लाख अंशांवर गेल्याचे सांगण्यात आले. प्रयोगशाळेचे प्रमुख सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी हे न्यूट्रॉन संमीलनाचेच असल्याची आपली नव्वद टक्के खात्री असल्याचे बोलून दाखवले. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर कृत्रिम सूर्य उगवला. मे महिन्यात मात्र खुलासा करावा लागला. न्यूट्रॉन सगळ्या दिशांना सारख्या वेगाने येत नव्हते. प्लाझ्मा मुरडताना थोडे कण जोराने फेकले जात आणि त्यांच्या टकरीतून ते निघत. झीटामधला पीळ क्रुस्कल-शाफ्रानोव्ह मर्यादेच्या बराच पलीकडचा होता. चूक उघड केली ती हार्वेलच्याच लोकांनी, हेही नमूद केले पाहिजे.

त्याच वर्षी सप्टेंबरात जिनिव्हात दुसरी परिषद भरली. तिन्ही देशांनी आपापले गुपित टेबलावर ठेवले. तेव्हा कळले की सगळे एकाच भिंतीवर डोके आपटत होते. पुढची दहा वर्षे निराशेची होती. यंत्र कोणतेही असो, प्लाझ्मा झिरपून जाई. गणिताने जेवढा टिकायला हवा त्याच्या शेकडो पट कमी वेळ टिके. हा निसर्गाचा नियमच असावा, असे मानण्यापर्यंत काही लोक आले.

मग १९६८ साल उजाडले. सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे परिषद होती. लेव्ह आर्त्सिमोविच यांनी मॉस्कोच्या टी-३ या टोकामॅकचे आकडे वाचले. तापमान एक कोटी अंश. टिकण्याचा वेळ त्या निराशाजनक नियमापेक्षा कित्येक पट जास्त. त्यांचे रहस्य असे की, बांगडीच्या लांबीच्या दिशेचे चुंबकीय क्षेत्र खूप जोरदार ठेवायचे आणि पीळ बेताचा. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. झीटाचे तोंड पोळलेले होते. तापमान थेट मोजलेले नाही, अंदाजाने काढलेले आहे, असा आक्षेप आला.

आर्त्सिमोविच यांनी केले ते विज्ञानाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे आहे. त्यांनी सांगितले, तुमची माणसे आणि तुमचे मोजयंत्र घेऊन या आणि आमच्या यंत्राचे तापमान तुम्हीच मोजा. लक्षात घ्या, शीतयुद्ध ऐन भरात होते. याच ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. तरीही १९६९ साली इंग्लंडच्या कलहम प्रयोगशाळेतून निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी सुमारे पाच टन सामान घेऊन मॉस्कोला गेले. त्यांची पद्धत नवी होती. माणकाच्या लेसरचा झोत प्लाझ्मातून सोडायचा. इलेक्ट्रॉन जितके वेगवान, तितका विखुरलेल्या प्रकाशाचा रंग पसरतो. त्या पसरटपणावरून तापमान निघते. प्लाझ्माला बोटही लावावे लागत नाही. काही महिन्यांच्या खटपटीनंतर आकडा आला. रशियन लोक खरे बोलत होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याआधीच बातमी अमेरिकेत पोचली होती आणि प्रिन्स्टनने आपला मोठा स्टेलरेटर बंद करून त्याचाच टोकामॅक करायला घेतला.

या इतिहासातले खरे वळण हे आहे. १९५८ ची पत्रकार परिषद आज फजितीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातात थर्मामीटर देणारा १९६९ चा प्रयोग पुढच्या सगळ्या यंत्रांचा पाया ठरला.

भाभा हे पाहायला राहिले नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँ पर्वतावरच्या विमान अपघातात ते गेले. त्यांच्या भाकिताचे १९७५ साल आले आणि गेले. भारतात या कामाची नीट पायाभरणी झाली ती १९८२ साली, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत. मी वर्गात दोन हजार साल सांगत होतो, तेच हे वर्ष. सूत्रधार होते प्रेधिमन कृष्ण काव. काश्मीरमध्ये जन्मलेल्या या माणसाने अठराव्या वर्षी दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी. मिळवली, प्रिन्स्टनमध्ये नाव कमावले आणि ते सोडून परत आले. १९८६ मध्ये गांधीनगरजवळच्या भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली आणि १९८९ मध्ये 'आदित्य' हा भारतात आखलेला, भारतात बांधलेला टोकामॅक चालू झाला. बांगडीची त्रिज्या ७५ सेंटीमीटर, प्लाझ्माची जाडी त्रिज्येने २५ सेंटीमीटर, आणि एका खेपेचा अवधी साधारण दहांश सेकंद.

एवढ्याशा यंत्राने काय साधले, असे कोणी विचारेल. १९९२ साली 'आदित्य'च्या गटाने एक महत्त्वाचे निरीक्षण जगापुढे ठेवले. प्लाझ्माच्या कडेला होणारी गळती संथ, एकसारखी नसते. मधेच शांतता, मधेच जोराचा लोंढा, असे तिचे स्वरूप असते. उन्हाळ्यात आपल्या मोकळ्या वावरात वारा पडलेला असतो आणि एकाएकी वावटळ उठून पाचोळा आभाळात नेते, तसे. म्हणजे सरासरी वाऱ्यावरून छपराची मजबुती ठरवून चालत नाही. प्लाझ्माचा बंदोबस्त करणाऱ्याला हे ठाऊक असावेच लागते. पुढे अतिवाहक चुंबकांचा एसएसटी-१ उभा राहिला. त्यात २०१३ साली पहिला प्लाझ्मा तयार झाला.

दरम्यान जगात आणखी एक चमत्कार घडला. १९८२ सालीच जर्मनीत गार्शिंग येथे फ्रिट्झ वाग्नर यांना दिसले की, तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे नेली की प्लाझ्माची कड अचानक आवळते आणि उष्णता टिकण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. हे कोणत्याही गणिताने आधी सांगितले नव्हते. कडेला प्लाझ्माचे थर वेगवेगळ्या वेगाने वाहू लागतात आणि भोवरे मोठे होण्याआधीच फाटतात, हे कारण मागाहून उलगडले. प्लाझ्माने दगा अनेकदा दिला. दान दिले ते हे असे, न मागता.

आता मोजपट्टी लावून आज कुठे आहोत ते पाहू. इंग्लंडमधील जेट या यंत्राने १९९७ मध्ये संमीलनाची १६ मेगावॉट शक्ती काढली. प्लाझ्मा तापवायला मात्र सुमारे २४ मेगावॉट लागले. म्हणजे रुपया घातला आणि सदुसष्ट पैसे परत आले. २०२३ मध्ये, बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या मोहिमेत, त्याच जेटने एका खेपेत ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली. आपल्या वीजबिलाच्या भाषेत सुमारे १९ युनिट, तीही उष्णतेच्या रूपात. इंधन जळाले ते अवघे ०.२ मिलिग्रॅम. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. निराशा आणि आशा दोन्ही त्यांत आहेत. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत लेसरच्या साहाय्याने इंधनाची गोळी दाबून २.०५ मेगाज्यूलच्या बदल्यात ३.१५ मेगाज्यूल मिळाले. रुपयाला दीड रुपया. पण ते लेसर पेटवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती, ही बातमीतली खालची ओळ. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या वेस्ट या यंत्राने २२ मिनिटे प्लाझ्मा तेवत ठेवला. कौतुकच आहे, मात्र तो पाच कोटी अंशांचा होता, आणि यंत्र चालण्याचा वेळ म्हणजे लॉसनचा वेळ नव्हे, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

सर्वांत मोठी आशा आहे ती दक्षिण फ्रान्समध्ये बांधल्या जाणाऱ्या आयटरवर. पन्नास मेगावॉट घालून पाचशे मेगावॉट काढायचे, हे त्याचे उद्दिष्ट. डिसेंबर २००५ मध्ये भारताला त्यात स्थान मिळाले, तेव्हा अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी अनिल काकोडकर होते. पुढे भारताच्या वाट्याच्या कामाचे प्रकल्प संचालकपद शिशिर देशपांडे यांनी सांभाळले. सगळ्या यंत्राला पोटात घेणारे सुमारे तीस मीटर उंच, ३,८५० टनांचे पोलादी निर्वात पात्र भारताने दिले. त्याचे भाग लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा येथील कारखान्यात घडले आणि तळाचा भाग मे २०२० मध्ये जागेवर उतरवला गेला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार आयटरचे प्रयोग २०३४ मध्ये आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमची खरी परीक्षा २०३९ मध्ये व्हायची आहे. आणि तेव्हाही त्यातून वीज काढली जाणार नाही. ते प्रयोगयंत्रच आहे.

इथे एक जुना वाद आठवतो. भाभांच्याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक असलेले, मूळचे गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी १९६० साली पुण्यात म्हणाले होते की, अणुशक्तीच्या खर्चात पडण्यापेक्षा भारताने डोक्यावरच्या उन्हाचा उपयोग शिकावा. तेव्हा त्यांना फार कोणी विचारले नाही. आज वर्ध्यातल्या गच्च्यांवर सौर पाट्या दिसतात, तेव्हा त्यांचे म्हणणे पटते. मूळ सूर्य १५ कोटी किलोमीटरवर बसून फुकट संमीलन करतो आहे. मग हा दुसरा सूर्य कशाला? माझे मत असे की, पहिल्या सूर्यासाठी पैसे थांबवून दुसऱ्यावर लावू नयेत. पण रात्री, पावसाळ्यात, पोलादाच्या भट्ट्यांना लागणारी अखंड वीज कुठून तरी यावी लागेल, आणि कोळसा आपल्या चंद्रपूर-वणीत असला तरी तो कायमचा नाही. प्रश्न सोडून देण्याइतका क्षुल्लक नाही, एवढे निश्चित.

तो विद्यार्थी पुन्हा भेटला तर आधी मी त्याची माफी मागेन. तू विचारलास तो प्रश्न चांगला होता, मी दिलेले उत्तर उसने होते, असे सांगेन. मग फळ्यावर तीन शब्द लिहीन. तापमान, दाटी, टिकाव. यापुढे कृत्रिम सूर्याची बातमी आली की हे तीन आकडे शोध, ते कोणी मोजले ते पाहा, आणि भिंतीवरच्या मीटरातून किती वीज गेली तेही विचार. तिन्ही एकाच वेळी, एकाच यंत्रात जमल्याचे वाचशील, तेव्हा मला कळव. मी नसलो तर वहीतल्या त्या जुन्या नोंदीपुढे खरे साल तूच लिही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)